आईचं चॅपल

नेपरव्हिलच्या आमच्या घरात हिवाळा आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. तळघरातला फर्नेस सुरू झाला की धाप लागल्यासारखा एक आवाज यायचा, मग जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा वर यायची आणि तिच्याबरोबर आदल्या दिवशी तळलेल्या बांगड्यांचा वास. बांगडे शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून यायचे, बर्फाच्या विटेसारखे गोठलेले. आई ते सकाळभर सिंकमध्ये ठेवायची आणि मधूनमधून बोटाने दाबून बघायची. ती हर्णैजवळच्या एका खाडीकाठच्या गावची. मासा हातात घेतला की तिचा चेहरा बदलायचा, निदान मला तसं वाटायचं. तळायच्या आधी घरातले सगळे कोट वर बेडरूममध्ये नेऊन दार लावून घ्यायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी एकदा शाळेत कोट काढला आणि मागच्या बाकावरची मुलगी नाक धरून बसली. बाबा नागपूरचे. त्यांना काटे काढता यायचे नाहीत, म्हणून आई त्यांच्या ताटात काटे काढलेला तुकडा ठेवायची आणि तसाच एक माझ्या ताटात. मला काटे काढता येत होते. पण मी ते कधी सांगितलं नाही.

आम्ही इथे आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा कामावर जायचे आणि आईच्या व्हिसावर तिला काम करता यायचं नाही. तिचं इंग्रजी वाचण्यापुरतं उत्तम होतं, बी.एस्सी. झालेली बाई ती, पण तोंडातून निघायचं नाही. समोरच्याने दुसऱ्यांदा "सॉरी?" म्हटलं की ती गप्प व्हायची आणि माझी बाही ओढायची. "बायो, विचार ना तिला." दुकानात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे मीच तिच्या वतीने बोलायचे. माझ्या वर्गातल्या मुली आयांना कंटाळल्या होत्या. मी मात्र आईबरोबर कुठेही जायला तयार असायचे. मी नसले तर तिला दुधाचा डबासुद्धा बदलून आणता येणार नाही, याचा मला आतून केवढा अभिमान होता हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता लिहिताना कळतं, आणि थोडी लाजही वाटते.

आमच्या शेजारी मिसेस व्हिटली राहायच्या. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या. एका जानेवारीत त्या घरासमोरच्या बर्फावर पाय घसरून पडल्या. आईने खिडकीतून बघितलं आणि बाबांच्या चपला घालून तशीच धावली. त्यांना उठवून त्यांच्याच स्वयंपाकघरात बसवलं, चहा केला, आणि मग मला हाक मारून बोलावलं, कारण कुठे लागलंय ते विचारायचं होतं. काही मोडलं नव्हतं. मिसेस व्हिटली चहा पिता पिता हसत होत्या. माझं काम संपलं होतं, पण आई उठेना. ती भिंतीवरच्या एका फोटोकडे बघत होती. समुद्राच्या कड्यावर एक पडकी दगडी भिंत, तिच्यात एक कमानीचं दार, आणि दारातून दिसणारं पाणी.

"हे कुठलं, विचार," आई म्हणाली.

मी विचारलं. ते इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या जन्मगावचं चॅपल होतं, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बाराशे वर्षांपूर्वीचं. तिथल्या मुलांबरोबर त्या लहानपणी त्या भिंतीवर चढायच्या. शेजारी खडकात कोरलेल्या थडग्यांचे खळगे होते, त्यांत पावसाचं पाणी साठायचं आणि त्या त्यात कागदाच्या होड्या सोडायच्या. आता समुद्र कडा खात चालला होता, म्हणून गावातली माणसं आणि विद्यापीठातले काही लोक मिळून उन्हाळ्यात तिथे खोदकाम आणि मोजमाप करत होते. मिसेस व्हिटलींची बहीण अजून त्याच गावात होती. तिने पाठवलेले आणखी फोटो त्यांनी ड्रॉवरमधून काढले. एकात भिंतीचा अगदी जवळून काढलेला भाग होता: दगड, आणि दगडांमध्ये पांढरट भरणी.

आई तो फोटो खिडकीशी घेऊन गेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "विचार तिला, हा चुना शिंपल्यांचा आहे का."

मला घरी जायचं होतं. मी घाईघाईत विचारून टाकलं. मिसेस व्हिटलींनी कप खाली ठेवला. याच्यावरूनच तिथे वाद चालू होता, त्या म्हणाल्या. भरणीत शिंपल्यांचे तुकडे सापडत होते. काहींचं म्हणणं, ते किनाऱ्यावरच्या वाळूबरोबर आपोआप आले. काहींना वाटत होतं, बांधणाऱ्यांनी शिंपले भाजूनच चुना केला असणार. "हे तुझ्या आईला कसं माहीत?"

आईच्या आजोबांची खाडीकाठी चुन्याची भट्टी होती. शिंपल्यांचा एक थर, लाकडाचा एक थर, असं रचून पेटवायचे. भाजलेले शिंपले पाण्यात टाकले की खदखदून फुटायचे आणि पांढरा चुना व्हायचा. पण काही तुकडे अर्धवट भाजलेले राहायचे, खडूसारखे, बाहेरून भुगा आणि आत शिंपला. ते निवडून काढायचं काम आईचं, ती सात-आठ वर्षांची असताना. फोटोत तिला तेच दिसले होते. हे सगळं तिने मला सांगितलं, मी मिसेस व्हिटलींना सांगितलं. मला आठवतंय, "खदखदून" या शब्दाशी मी अडले आणि आईने हातांनी करून दाखवलं. मिसेस व्हिटलींना ते लगेच कळलं. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मी मध्ये उभी होते.

तिथून ते सुरू झालं. आई रोज सकाळी अकराला तिकडे जायची. मी शाळेतून यायचे तेव्हा घरात तिची चप्पल नसायची. लायब्ररीतून पुस्तकं यायला लागली: जुन्या चर्चांवरची, दगडकामावरची, समुद्रकिनाऱ्यांवरची. डायनिंग टेबलच्या अर्ध्या भागावर ती पसरलेली असायची आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यात जेवायचो. इंग्लंडहून बाबांच्या ईमेलवर फोटो यायचे. तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीवर चालायचं. आधी मोडेमची ती किंकाळी, मग घरघर, मग फोटो वरून खाली एकेक रेघ उतरायचा आणि आई खुर्चीच्या टोकावर बसून त्या उतरत्या रेघेकडे बघायची. तेवढा वेळ घरचा फोन बंद. माझी मैत्रीण मला फोन करून थकायची. मी दारात उभी राहून पाय आपटायचे. आई मागे न बघता म्हणायची, "झालंच, झालंच."

ते चॅपल केवढं होतं हे मला पाठ झालं होतं. आमच्या दोन गाड्यांच्या गराजहून लहान. तीन भिंती पडलेल्या, एक उभी. दाराच्या कमानीवर अखंड दगड, त्यावर चार बारीक कोरलेल्या रेघा. एवढ्याशा पडक्या खोलीत काय आहे, असं मला वाटायचं, आणि ती मला घरातल्या माणसासारखी आवडेनाशी झाली. एखाद्या नवीन आलेल्या बाळाचा राग यावा तसा मला त्या भिंतीचा राग यायचा. मी तिच्या खोड्या मोजायचे: डब्यात तीन दिवस सलग चीज सँडविच. बांगडे एका महिन्यात एकदाच. सोमवारी पिठलं, मंगळवारी कालचं पिठलं. माझी वेणी घालायला आईला वेळ नाही, पण दगडातल्या चार रेघा ती भिंग लावून बघते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं इंग्रजी. ते एकदम फुटलं. आधी चुन्याचे, दगडांचे शब्द आले, मग त्यांच्या आजूबाजूची वाक्यं. एके दिवशी किराण्याच्या दुकानात काउंटरवरच्या बाईने काहीतरी विचारलं, मी तोंड उघडलं, तर माझ्याआधी आईने उत्तर देऊन टाकलं. बाई हसली, आई हसली, आम्ही बाहेर आलो. गाडीत मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

एकदा मी मुद्दाम त्यांच्या अकराच्या चहाला जाऊन बसले. शाळेला सुट्टी होती. दारातूनच मला आईचं हसणं ऐकू आलं, मोठ्याने, घशातून. घरी ती तशी हसायची नाही. ती मिसेस व्हिटलींना नावाने हाक मारत होती, डोरोथी. काहीतरी सांगताना ती "चॅपेल" म्हणाली.

"चॅपेल नाही आई, चॅपल," मी इंग्रजीतच म्हटलं, दोघींना ऐकू जाईल असं. "कम ऑन. इट्स एम्बॅरसिंग."

आईचा चेहरा उतरला. मिसेस व्हिटली शांतपणे म्हणाल्या, "मला तिचा उच्चार आवडतो. ती म्हणते तेव्हा ते अजून उभं असल्यासारखं वाटतं." मी उठून घरी आले.

मेमध्ये पत्र आलं. त्या उन्हाळ्यात शेवटचं खोदकाम होतं, त्यानंतर कड्याचा तो भाग धोक्याचा म्हणून बंद होणार होता. मिसेस व्हिटली तीन आठवडे जाणार होत्या आणि तिथल्या मंडळींनी लिहिलं होतं, की शिंपल्यांच्या चुन्याची माहिती असणाऱ्या बाईंना घेऊन याल का, त्यांनी भरणी प्रत्यक्ष हातात घेऊन बघावी. राहायचं बहिणीकडे. आईने ते पत्र जेवताना बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि स्वतः भाजी वाढत राहिली.

बाबांनी वाचलं. "जा ना मग. काहून नाही?" ते म्हणाले. "पोरीचं मी बघतो. पिझ्झा खाऊ तीन आठवडे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आय डोन्ट केअर." आणि तिने ते खरं मानलं.

व्हिसाचे कागद झाले, तिकीट आलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा रेनकोट घेतला, पिवळा, आणि तो घालून ती हॉलमधल्या आरशासमोर फिरून बघत होती. बेडवर सूटकेस पंधरा दिवस उघडी होती. तिने फ्रीझर भरून ठेवला, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या: मसूर, कुळीथ, बायोचे बांगडे, काटे काढलेले. ती चिठ्ठी मी फाडून टाकली.

निघायचा दिवस शनिवार होता. विमान संध्याकाळचं. दुपारी दीडच्या सुमाराला मी बाथरूमच्या फरशीवर जाऊन आडवी झाले आणि पोट धरलं. ते आधी ठरवलेलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीचं अपेंडिक्स मार्चमध्ये काढलं होतं आणि दुखतं ते उजवीकडे खाली, हे मी तिला नीट विचारून ठेवलं होतं. मी उजवीकडेच धरलं. आई आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता. "काय होतंय? बायो? कुठे?" मी नुसती कण्हत राहिले. तिने पासपोर्ट बेसिनवर ठेवला आणि मला उचलायला लागली. तेरा वर्षांच्या मला.

बाबांनी गाडी काढली. आई मागे माझ्याजवळ बसली, माझं डोकं तिच्या मांडीवर. मिसेस व्हिटली त्यांच्या दारात उभ्या होत्या, बॅगा शेजारी ठेवलेल्या. बाबांनी काच खाली करून काहीतरी सांगितलं. मला फक्त मिसेस व्हिटलींचा आवाज ऐकू आला, "गो, गो, नेव्हर माइंड."

इमर्जन्सीत मी वाट बघत होते की आई माझी बाही ओढेल. तिने ओढली नाही. ती सरळ डॉक्टरांशी बोलली. कधी सुरू झालं, कुठे, उलटी नाही, ताप नाही, सकाळी काय खाल्लं. चुकत होती, पण थांबत नव्हती. मी पलंगावर पडून ते ऐकत होते. ते इंग्रजी चुन्याने दिलेलं होतं आणि आता माझ्यासाठी वापरलं जात होतं. मला एकदम रडू आलं, ते मात्र खरं होतं. डॉक्टरांनी पोट दाबलं, मी ओरडले. सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही. तरी थोडे तास थांबा म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले, मग साडेसहा. आई घड्याळाकडे बघत नव्हती. मी बघत होते. सहा चाळीसला विमान उडालं असणार. आणि मला जे वाटलं ते लिहायलाच हवं: मी जिंकले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि मेतकूट मिळालं. सूटकेस तीन दिवस तशीच भरलेली होती. चौथ्या दिवशी शाळेतून, म्हणजे उन्हाळी वर्गातून, आले तर सूटकेस माळ्यावर गेली होती आणि पिवळा रेनकोट कोटांच्या कपाटात टांगलेला होता.

मग एक वेगळीच गोष्ट झाली. आई माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. ओरडली नाही, अबोला धरला नाही. "युअर लंच इज ऑन द काउंटर." "यू आर लेट." "गुड नाइट." बाबांशी मराठी, फोनवर मावशीशी मराठी, माझ्याशी तेवढं इंग्रजी. आधी ती मराठीत विचारायची आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आता मी मराठीत विचारायचे. चुकीचं, तोडकं, पण विचारायचे. "आई, भाजी काय आहे?" "बीन्स." असं जवळजवळ वर्षभर. त्या वर्षात मी मराठी लिहायला शिकले, तिच्या जुन्या मासिकांतून, एकटी बसून. आज हे प्रकरण मला मराठीत लिहिता येतंय ते त्या वर्षामुळे. तिने शिकवलं नाही. ती बोलेल म्हणून मी शिकले.

मिसेस व्हिटली परत आल्या, फोटो घेऊन आल्या. अकराचा चहा पुन्हा सुरू झाला, पण पुढच्या वसंतात त्यांना त्यांचा मुलगा ॲरिझोनात चँडलरला स्वतःकडे घेऊन गेला. घर विकलं गेलं. पुढे इंग्लंडच्या त्या मंडळींनी अहवाल छापला. चुना शिंपल्यांचाच होता. शेवटच्या पानावर आभारांत आईचं नाव होतं, स्पेलिंगमध्ये दोन चुका आणि पुढे "इलिनॉय". तिने ते पान कापून ठेवलं नाही, कुणाला दाखवलंही नाही. ग्रीन कार्ड आल्यावर तिने कॉलेजमध्ये दोन वर्षं शिकून काँक्रीटचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि ती अठरा वर्षं केली. लोक विचारायचे, हे कसं काय सुचलं? ती म्हणायची, आवड होती.

मी जर्सी सिटीला असते. चाळिशी ओलांडली. गेल्या थँक्सगिव्हिंगला आईकडे गेले होते. बाबा फिरायला गेले होते, आई टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होती आणि मी समोर बसून तिला मदत करत होते. कुठल्या कशावरून नव्हे, मी एकदम म्हटलं, "आई, त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं."

कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. "माहितेय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. डॉक्टरांनी पोट दाबलं, तर तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग ओरडलीस."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझी मुलगी खोटारडी आहे?" तिने पिवळी पानं बाजूला केली. "दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, तिकीट बदलून घेऊ, सोमवारी जा. मीच नको म्हटलं."

हे मला माहीत नव्हतं. "का?"

तिने काड्यांचा ढीग पुढ्यातून सरकवला. "भीती वाटायला लागली होती गं. डोरोथीच्या किचनमध्ये बोलणं वेगळं. तिथे सगळी शिकलेली माणसं. मी काय, आजोबांच्या भट्टीवर शिंपले निवडणारी. हातात घेऊन काही कळलंच नाही तर? पंधरा दिवस मला झोप नव्हती. विमान चुकलं आणि मला सुटल्यासारखं झालं. मग त्याचाच राग आला. स्वतःवर काढता येईना, तुझ्यावर काढला."

मी "अच्छा" म्हटलं. उठून मागच्या डेकवर गेले, कोट न घालता, आणि पायरीवर बसले. मला हलकं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं कुणीही म्हणालं असतं. पण मला पुन्हा तेरा वर्षांची असल्यासारखा मत्सर वाटत होता, आणि या वेळी समोर भिंतही नव्हती. इतकी वर्षं मला अपराधी वाटत होतं, पण त्या अपराधाच्या तळाशी एक गोष्ट मी जपून ठेवली होती: मी खोटं वागले, पण आईने मला निवडलं. चॅपल एका बाजूला, मी एका बाजूला, आणि ती माझ्याकडे आली. आता कळत होतं की ती माझ्यासाठी थांबलीच नव्हती. ती तिच्या भीतीसाठी थांबली होती. त्यातही माझा नंबर लागला नव्हता.

दार सरकलं. आई हळूहळू, कठड्याला धरून, पायरीवर येऊन बसली. तिचे गुडघे आता दुखतात.

"काय झालं, बायो?"

या वयात हे बोलायची लाज वाटते, पण मी बोलले. "तू माझ्यासाठी थांबली नव्हतीस."

तिने माझ्याकडे बघितलं. ती हसेल असं मला वाटलं. हसली नाही.

"डॉक्टरांनी दाबल्यावर कळलं मला," ती म्हणाली. "त्याच्या आधी कुठे कळलं होतं? गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. हॉस्पिटल येईपर्यंत मला विमान आठवलं नाही, डोरोथी आठवली नाही, काही नाही. वीस मिनिटं असतील. ती तुझीच."

थंडी वाजत होती. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिने खांदा हलवला नाही, आणि आम्ही बाबा परत येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.